पागेचा धनी : एन्झो फेरारी

आपल्या कोल्हापूरला शर्यतीचा नाद आहे आणि यंत्रांचाही आहे. खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी खोंडांना पोटच्या पोराप्रमाणे सांभाळणारी माणसे आपण पाहतो. आणि शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या भट्टीपाशी किंवा लेथवर हयात घालवणारे कारागीरही पाहतो. माझे वडील या दुसऱ्या वर्गातले. त्यामुळे हे दोन्ही नाद ज्याच्या ठायी एकवटले होते अशा एका इटालियन माणसाची हकीकत वाचनात आली, तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. त्याचे नाव एन्झो फेरारी.

फेरारीची लाल मोटार आणि तिच्यावरचा उधळलेला काळा घोडा आज शाळकरी मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवरही दिसतो. पण हे नाव एका हाडामांसाच्या माणसाचे होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. हे आडनाव मुळात लोखंडाच्या कामावरून पडलेले आहे. आपल्याकडे जन्मला असता तर त्याला लोहार म्हटले असते.

१८ फेब्रुवारी १८९८ रोजी उत्तर इटलीतील मोदेना या गावी एन्झोचा जन्म झाला. त्या वेळी एवढे बर्फ पडले होते की जन्माची नोंद करायला दोन दिवस उशीर झाला, असे सांगतात. वडिलांचा लोखंडी कामाचा छोटा कारखाना होता आणि तेथे रेल्वेसाठी काम होत असे. दहा वर्षांचा असताना, १९०८ साली, वडिलांनी त्याला बोलोन्या येथे मोटारींची शर्यत दाखवायला नेले. ती फेलिचे नाझारो या नामांकित चालकाने जिंकली. मुलाच्या मनात ठिणगी पडली ती तिथेच.

परंतु दैवाने लवकरच घाला घातला. १९१६ साली वडील गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. कारखाना बंद पडला. पहिल्या महायुद्धात एन्झोला डोंगरी तोफखान्यात भरती केले, तेव्हा त्याच्या वाट्याला काम आले ते खेचरांना नाल मारण्याचे. तेथे तो इतका आजारी पडला की जगतो की मरतो अशी अवस्था झाली. युद्ध संपल्यावर शिफारसपत्र घेऊन तो तुरीनला फियाट कंपनीच्या दारात गेला. रणांगणावरून परतलेल्या सगळ्यांनाच काम देता येत नाही, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. हाती शिक्षण नाही, पाठीशी बाप नाही, खिशात पैसा नाही. त्या कडाक्याच्या थंडीत व्हॅलेंटिनो बागेतील एका बाकावर बसून हा वीस-एकवीस वर्षांचा तरुण रडला. नोकरीच्या दारातून परतलेल्या कोणालाही तो बाक ओळखीचा वाटेल.

पुढे मिलानमध्ये एका लहान मोटार कंपनीत त्याला काम मिळाले आणि १९१९ साली तो प्रथम शर्यतीत उतरला. १९२० मध्ये आल्फा रोमिओ या कंपनीसाठी सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ या अवघड शर्यतीत त्याने दुसरा क्रमांक पटकावला. १९२३ साली रव्हेन्नाची शर्यत त्याने जिंकली. तेथेच महायुद्धात धारातीर्थी पडलेला वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या वडिलांशी त्याची ओळख झाली. बाराक्काच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. मुलाची ही खूण तू आपल्या मोटारीवर लाव, तुला लाभेल, असे पुढे त्या वीरमातेने एन्झोला सुचवले. त्या काळ्या घोड्यामागे एन्झोने आपल्या मोदेना गावाचा पिवळा रंग घातला.

चालक म्हणून तो चांगला होता. अव्वल मात्र नव्हता. यंत्राला छळून त्याच्याकडून काम काढणे आपल्याला जमत नाही, हे त्याने स्वतःच ओळखले होते. त्याचे खरे कसब दुसरेच होते. कोणाच्या अंगी काय गुण आहे हे तो नेमके हेरत असे आणि त्या माणसाला गळाला लावत असे. ज्या फियाटने त्याला दारातून परत पाठवले, त्याच फियाटचा व्हित्तोरिओ यानो हा कुशल अभियंता १९२३ मध्ये त्याने आल्फा रोमिओकडे वळवला. यानोने तयार केलेल्या मोटारींनी पुढे युरोप गाजवला.

१६ नोव्हेंबर १९२९ रोजी एन्झोने मोदेना येथे 'स्कुदेरिया फेरारी' ही संस्था काढली. स्कुदेरिया म्हणजे पागा. या पागेचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. शर्यतीची हौस असलेल्या श्रीमंतांना मोटार हवी असे, पण ती दुरुस्त ठेवणे, शर्यतीच्या गावी नेणे, सुटे भाग जमवणे ही यातायात नको असे. ती सगळी फेरारीने अंगावर घेतली. मोटारी आल्फाच्या, टायर, तेल, विजेची उपकरणे पुरवणाऱ्या कंपन्यांशी त्याने करार केले, शर्यतीचे संयोजक भाग घेण्याबद्दल पैसे देत आणि बक्षिसाची रक्कम वेगळी. अशा रीतीने लोक ज्याला श्रीमंतांचा खेळ म्हणत, त्याचा एका निर्धन माणसाने पद्धतशीर धंदा उभा केला. १९३१ साली तो शेवटचा शर्यतीत उतरला. जानेवारी १९३२ मध्ये मुलगा झाला आणि त्याने चालकाची जागा कायमची सोडली. मुलाचे नाव आल्फ्रेदो; घरात सारे त्याला दीनो म्हणत.

आपल्या तालमींच्या भाषेत बोलायचे तर पैलवानाचा आता वस्ताद झाला. त्याच्या पागेतील ताझिओ नुव्होलारी याने १९३५ साली न्यूर्बर्गरिंगवर, जर्मनांच्या घरच्या मैदानात, जुन्या आल्फा मोटारीवर मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या बलाढ्य मोटारींना धूळ चारली. पण पुढे आल्फाशी खटके उडाले आणि १९३९ मध्ये संबंध तुटले. चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, अशी अट पदरात पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने यंत्रे बनवण्याचा कारखाना चालवला. तो १९४३ मध्ये जवळच्या मारानेल्लो गावी हलवला. त्याच्यावरही बाँब पडले. त्याने तो पुन्हा उभारला आणि १९४७ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना स्वतःच्या नावाची पहिली मोटार बाहेर काढली. बारा सिलिंडरचे तिचे इंजिन अवघे दीड लिटरचे होते. मे महिन्यात पिआचेन्सा येथील पहिल्या शर्यतीत ती आघाडीवर असतानाच बंद पडली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये ती जिंकली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरीन येथे फेरारीची मोटार विजयी झाली. तेव्हा एन्झो व्हॅलेंटिनो बागेत गेला, त्याच जुन्या बाकावर बसला आणि पुन्हा रडला. १९५१ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला त्याच्या मोटारीने प्रथमच आल्फा रोमिओला हरवले. त्या दिवशी आनंदाबरोबरच आपण आपल्या आईलाच मारले असे दुःख त्याला झाले. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याचा चालक अल्बेर्तो आस्कारी जगज्जेता ठरला. श्रीमंतांना रस्त्यावरच्या मोटारी विकायच्या आणि तो पैसा शर्यतीत ओतायचा, हे त्याचे सूत्र होते. इतर कारखानदार खप वाढावा म्हणून शर्यतीत उतरत. याचे गणित नेमके उलटे होते.

इथवर वाचले की कोणालाही ही एका जिद्दी पुरुषाची यशोगाथा वाटेल. मलाही तशीच वाटली होती. पण यापुढचा भाग वाचताना मन जड होते.

दीनोला स्नायू झिजण्याचा असाध्य रोग होता. ३० जून १९५६ रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. बाप रोज सकाळी आधी मुलाच्या थडग्यापाशी जाई आणि मग कारखान्यात. इकडे त्याच्या मोटारी चालवणारी इतरांची मुलेही एकामागून एक जात होती. १९५५ मध्ये मोंझा येथे आस्कारी गेला. मार्च १९५७ मध्ये मोदेनातच कास्तेलोत्ती गेला. १९५८ च्या एकाच उन्हाळ्यात मुस्सो आणि कॉलिन्स गेले. १९६१ मध्ये मोंझा येथे फोन ट्रिप्स गेला, आणि त्याच्याबरोबर कित्येक प्रेक्षकही गेले.

सर्वांत भयंकर घटना १२ मे १९५७ ची. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैलांची शर्यत. ती बंदिस्त मैदानात होत नसे. गावागावांतून जाणाऱ्या रहदारीच्या रस्त्यांवर होत असे आणि लोक दुतर्फा उभे राहून ती पाहत. ग्विदित्सोलो गावाजवळ दे पोर्तागो याच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा साथीदार तर गेलेच, पण रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण गेले. त्यांत पाच लहान मुले होती. त्यानंतर ती शर्यत त्या स्वरूपात कायमची बंद झाली. फेरारीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. न्यायालयाचा निकाल लागला, पण माझ्या मनात प्रश्न उरला. कायद्याने सुटलेला माणूस त्या पाच मुलांच्या आयांपुढे सुटतो का?

आमच्याकडे वस्ताद कुस्तीच्या दिवशी हौदाच्या काठावर बसलेला असतो. पठ्ठा चीत झाला तर त्याला उठवायला पहिला हात वस्तादाचा असतो. एन्झो मात्र नंतरच्या काळात शर्यतीला जात नसे. फार तर मोंझाला सरावाच्या दिवशी दिसे आणि शर्यतीपूर्वी परत येई. काळ्या चष्म्याआड बसून तो बातमीची वाट पाही. यंत्राचे हाल पाहवत नाहीत, असे तो म्हणे. माणसांचे हाल पाहवत नव्हते, असेही कदाचित असेल. तरी दर वर्षी नवा तरुण त्याच्या दारात येत राहिला आणि तो त्याला मोटार देत राहिला. कोणी जबरदस्तीने आला नव्हता, हे खरे. पण एका चालकाला दुसऱ्याशी चुरशीने झुंजवणे ही त्याचीच रीत होती. त्याला राक्षस म्हणणे मला अन्यायाचे वाटते आणि देव मानणे धोक्याचे वाटते.

१९६३ मध्ये अमेरिकेची फोर्ड कंपनी त्याचा कारखाना विकत घ्यायला आली. शर्यतींचा कारभार आपल्या हाती राहणार नाही, हे कळताच त्याने सौदा मोडला. १९६९ मध्ये त्याने निम्मी मालकी दिली ती फियाटला. ज्या दारातून तो परतला होता, ते दार आता त्याच्याकडे चालत आले होते. शर्यतींचा कारभार मात्र त्याने स्वतःकडेच ठेवला. पुढे निकी लाउडा १९७५ आणि १९७७ मध्ये त्याच्या मोटारीवर जगज्जेता झाला. १९८२ मध्ये त्याचा लाडका चालक झील व्हिलनव्ह झोल्डर येथे गेला आणि म्हाताऱ्याला पुन्हा एकदा पोरगा गेल्याचे दुःख झाले.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, एन्झो फेरारी निवर्तला. अंत्यविधी उरकल्यावरच जगाला बातमी कळली. महिनाभरात मोंझा येथे त्याच्या दोन मोटारी पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. त्या वर्षीच्या सोळांपैकी बाकीच्या पंधराही शर्यती मॅक्लारेनच्या संघाने जिंकल्या होत्या.

बोलोन्याच्या प्राचीन विद्यापीठाने १९६० साली या अल्पशिक्षित माणसाला अभियांत्रिकीची सन्माननीय पदवी दिली होती. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे या गोष्टीचा मला विशेष आनंद वाटतो. हातातली कला आणि माणसांची पारख हीही विद्याच आहे, हे माझ्या वडिलांकडे पाहून मला ठाऊक होते. विद्यापीठांनाही ते मान्य असते हे यावरून कळले.

पण मित्रहो, जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या वळणांवर मोटारसायकली उधळणाऱ्या आपल्यापैकी काहींना त्या पागेतला फक्त घोडा दिसतो. त्यांनी ग्विदित्सोलोच्या रस्त्याकडेला उभी असलेली ती पाच मुलेही पाहावीत. फेरारीकडून घ्यायची ती बाकावरून उठण्याची जिद्द घ्यावी. वेग घ्यायचाच तर तो मैदानात घ्यावा. रस्ता सर्वांचा आहे.