पहिला डॉक्टर

एस. टी.ची वाट पाहणे निराळे, निकालाची वाट पाहणे निराळे, आणि आवडत्या मालिकेच्या नव्या पर्वाची वाट पाहणे त्याहून निराळे. पहिल्या दोहोंत निदान काय येणार ते ठाऊक असते! ‘डॉक्टर हू’ या बी. बी. सी.च्या विज्ञानकथा-मालिकेने मला ही तिसरी वाट पाहायला शिकवले. ३१ मे २०२५ रोजी तिचे एक पर्व संपले, ते नायकाचा चेहरा पालटून. समोर उभी राहिली एक ओळखीची स्त्री, आणि पडद्यावर काळोख! पुढे कित्येक दिवस माझे लक्ष तासाला नव्हते हे आमच्या सरांनी ओळखले होते. कारण मात्र त्यांना आज हा अंक वाचूनच कळेल.

ज्यांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. ‘डॉक्टर’ हीच त्याची ओळख, खरे नाव कुणाला ठाऊक नाही. बाहेरून लंडनच्या पोलिसांच्या टेलिफोनच्या निळ्या खोक्यासारखे दिसणारे आणि आत शिरल्यावर प्रशस्त दालन निघणारे टार्डिस नावाचे त्याचे यान आहे. त्यातून तो भूतकाळात आणि भविष्यकाळात हिंडतो. मरणाच्या दारी पोचला की त्याचे शरीर बदलते. म्हणजे नट बदलतो आणि कथा पुढे चालू राहते. या युक्तीवर ही मालिका साठ वर्षांहून अधिक काळ जगली आहे.

नवे काही येत नाही तोवर जुने पाहावे म्हणून मी मागे मागे जात राहिलो आणि १९६३ साली येऊन थांबलो. तिथे पांढऱ्या लांब केसांचा, चिडखोर, हातातली बोटे एकमेकांत गुंतवून उभा राहणारा एक म्हातारा भेटला. त्याचे नाव विल्यम हार्टनेल. वयाने तो माझ्या पणजोबांच्या पिढीचा. तरी नटाला ‘तो’ म्हणण्याचा रसिकाचा हक्क मी इथे घेतो.

हार्टनेलचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी लंडनच्या सेंट पँक्रस भागात झाला. आई अविवाहित होती. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरीच राहिली. बालपणाचा काही काळ त्याला दुसऱ्याच एका बाईने सांभाळले. सुट्टीत मात्र तो डेव्हन परगण्यात आईच्या शेतकरी नातलगांकडे जाई, आणि तिथेच घोड्यावर बसायला शिकला. पुढे नाव झाल्यावर आपला जन्मच डेव्हनचा असे तो सांगू लागला. वडिलांचा शोध घेण्याची खटपट त्याने केली, पण पत्ता लागला नाही. जेसिका कार्नी या त्याच्या नातीने १९९६ साली त्याचे चरित्र लिहिले, त्यात ही हकीकत आली आहे. त्याच्या त्या थापेला हसणे सोपे आहे. मला मात्र वाटते की कोरी जागा भरून काढायला माणूस आपल्या सुखाच्या सुट्ट्याच वापरणार, दुसरे काय वापरणार?

शाळेत त्याचे लक्ष लागले नाही. पोरवयात किरकोळ चोऱ्यामाऱ्याही झाल्या. अशा वेळी मुलांच्या एका मुष्टियुद्ध क्लबात त्याला ह्यू ब्लेकर भेटले. हे गृहस्थ चित्रसंग्राहक होते. (‘आयल्वर्थची मोनालिसा’ म्हणून जे वादग्रस्त चित्र प्रसिद्ध आहे, ते याच ब्लेकरांनी हुडकून काढले होते.) सोळा वर्षांच्या या पोराचे पालकत्व त्यांनी जवळजवळ पत्करलेच. आधी त्याला घोड्यांच्या शर्यतीचा स्वार करून पाहिले, मग इटालिया काँटी या नाट्यशिक्षणाच्या शाळेत घातले. १९२५ साली तो सर फ्रँक बेन्सन यांच्या शेक्सपिअरची नाटके करणाऱ्या मंडळीत शिरला, तो पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून. १९२९ साली हेदर मॅकिंटायर या नटीशी त्याने लग्न केले. ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली.

पुढच्या तीस वर्षांची हकीकत मी भराभर सांगतो, कारण हार्टनेललाही ती वर्षे फारशी प्रिय नसावीत. दुसऱ्या महायुद्धात तो रणगाडा दलात गेला. मन कोलमडले, आणि दीड वर्षातच घरी परतला. १९४४च्या ‘द वे अहेड’ या चित्रपटात त्याने करड्या सार्जंटचे काम केले. ते इतके उत्तम वठले की तोच शिक्का त्याच्या कपाळी बसला. ‘ब्रायटन रॉक’मध्ये गुंड, दूरचित्रवाणीवरच्या ‘द आर्मी गेम’मध्ये सार्जंट-मेजर, १९५८च्या ‘कॅरी ऑन सार्जंट’मध्ये पुन्हा सार्जंट. ओरडणारा माणूस हवा असला की बोलवा हार्टनेलला! पंचावन्नाव्या वर्षी त्याच्याजवळ काम होते, नाव होते. पण हवी तशी भूमिका नव्हती.

त्या सुमारास बी. बी. सी.चे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांनी शनिवारी संध्याकाळी मुलांना आणि मोठ्यांना एकत्र बसवील अशी मालिका काढायचे ठरवले. निर्माती नेमली ती सत्तावीस वर्षांची व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक नेमला तो चोवीस वर्षांचा वारिस हुसेन. हा वारिस आपल्या लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. तेव्हाच्या त्या संस्थेत एक तरुण बाई आणि एक हिंदी तरुण यांच्या हाती नवी मालिका! पुष्कळांनी नाके मुरडली असतील. लॅम्बर्टने ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ या चित्रपटात हार्टनेलचे काम पाहिले होते. त्यातला थकलेला, केविलवाणा म्हातारा तिच्या लक्षात राहिला. मुलांच्या मालिकेत काम करायला हार्टनेल प्रथम कचरला. दोघांनी त्याला जेवायला नेऊन समजूत घातली, आणि तो तयार झाला.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. चरित्र लिहायचे तर पांढरे तेवढेच लिहू नये. हार्टनेल तापट होता, आणि परक्या वंशांविषयी, ज्यूंविषयी त्याचे पूर्वग्रह होते, असे त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. लॅम्बर्ट स्वतः ज्यू होती. म्हणजे ज्या दोघांनी त्याला आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका दिली, ते दोघेही त्याच्या पूर्वग्रहांच्या यादीतलेच. तरीही त्याने त्यांच्याशी जुळवून घेतले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. ही विसंगती मला सोडवता आलेली नाही, म्हणून ती तशीच ठेवतो.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष बातम्यांकडे, शिवाय काही भागांत वीज गेलेली. पाहणारे निघाले चव्वेचाळीस लाख. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. डिसेंबरात टेरी नेशन यांच्या कल्पनेतले ‘डालेक’ आले. हे लोखंडी पिंपात राहणारे, कर्कश आवाजाचे शत्रू येताच सारे इंग्लंड वेडे झाले. फेब्रुवारी १९६५मध्ये एका भागाला एक कोटी पस्तीस लाख प्रेक्षक लाभले. पहिले पर्व १२ सप्टेंबर १९६४ला संपले आणि दुसरे ३१ ऑक्टोबरला सुरू झाले. मध्ये सात आठवडे! आम्ही वर्ष वर्ष ताटकळतो, आणि त्या काळची मुले सात आठवड्यांत सुटली. मला त्यांचा हेवा वाटतो.

पण प्रेक्षकांची विश्रांती ती नटाची नव्हे. वर्षातले बहुतेक आठवडे तोच क्रम : चार दिवस तालीम, पाचव्या दिवशी चित्रण. फीत कापून जोडणे महाग पडे, म्हणून प्रवेश जवळजवळ नाटकासारखे सलग घेतले जात. चूक झाली तरी सहसा तशीच राहायची. हार्टनेल वाक्ये विसरायचा, शब्द उलटसुलट व्हायचे, आणि ते सारे शनिवारी घरोघर दिसायचे. प्रेक्षकांना वाटे, डॉक्टरच विसराळू आहे. गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेत माझ्या वाट्याला तीनच वाक्ये होती, त्यातले दुसरे मी विसरलो. विंगेतून मित्राने ते इतक्या मोठ्याने सांगितले की तिसऱ्या रांगेतले लोक हसले. त्या रात्री मला झोप आली नाही. हार्टनेल हे दर आठवड्याला सोसत होता, आणि त्याला विंगही नव्हती.

विसरण्याचे कारण केवळ दमणूक नव्हते. धमन्या कठीण होत जाण्याचा विकार त्याला जडला होता. बुद्धीवर आणि स्वभावावर त्याचा परिणाम होत होता. तरी टार्डिसच्या यंत्रपटावरचे कोणते बटण कशासाठी हे त्याने मनाशी पक्के केले होते आणि त्यात बदल झालेला त्याला खपत नसे. दार उघडायचे बटण आज एक, उद्या दुसरे, हे मुले ओळखतील असे तो म्हणे. मुलांच्या जत्रांना, समारंभांना तो डॉक्टरच्या वेषात जाई. ज्याला स्वतःला बाप माहीत नव्हता, तो एका देशाच्या मुलांचा आजोबा झाला होता.

जुने सहकारी एकेक करून गेले. लॅम्बर्टही गेली. नव्या निर्मात्यांशी त्याचे पटेना. एका कथेत डॉक्टर अदृश्य होतो असे दाखवून परत येताना दुसराच नट आणण्याचा विचारही झाला होता. तेव्हा ते टळले. १९६६ साली निर्माते इन्स लॉइड यांनी निर्णय घेतला. आपल्याकडे ‘नटसम्राट’मधले बेलवलकर डॉ. लागूंनी केले, मग दत्ता भटांनी केले; नाटकातल्या कुणालाही त्याची वार्ता नसते. इथे मात्र नट बदलणे हीच कथेतली घटना करायचे ठरले. जागेवर आला पॅट्रिक ट्राउटन, हार्टनेलशी मुळीच साम्य नसलेला.

शेवटची कथा ‘द टेन्थ प्लॅनेट’. तिच्या तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल आजारी पडला. डॉक्टर बेशुद्ध पडतो असे दाखवून त्याची वाक्ये इतरांत वाटून दिली. चौथ्या भागाला तो उभा राहिला. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी डॉक्टर टार्डिसमध्ये जमिनीवर कोसळला, पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा विरघळला आणि तिथे दुसरा चेहरा दिसू लागला. या रूपांतराला ठरीव नाव मिळाले ते १९७४ साली. त्या शनिवारी प्रेक्षकांना आणि बहुधा करणाऱ्यांनाही त्याचे महत्त्व पुरते उमगले नसेल. हार्टनेलला जायचे नव्हते. तो गेला, आणि तो जाऊ शकला म्हणूनच पुढची सारी पर्वे झाली. त्या नाताळात तो मुलांच्या एका पँटोमाइममध्ये चांभाराचे काम करत होता.

सहा वर्षांनी मालिकेचे दहावे पर्व सुरू व्हायचे होते. तिन्ही डॉक्टर एकत्र आणायचे असे निर्माते बॅरी लेट्स यांनी ठरवले. फोन गेला तो दिवस हार्टनेलच्या प्रकृतीला बरा होता. त्याने आनंदाने होकार दिला. नंतर हेदरने कळवले की असे बरे दिवस आता थोडेच उरले आहेत, संवाद त्याच्या ध्यानात राहणार नाहीत. वगळणे कुणाला जिवावर आले असावे. लेखकांनी कथा बदलली : पहिला डॉक्टर कालप्रवाहाच्या भोवऱ्यात अडकला आहे आणि फक्त पडद्यावरून इतर दोघांना सल्ला देतो. ईलिंगच्या स्टुडिओत त्याला खुर्चीवर बसवले आणि वाक्ये लिहिलेले फलक समोर धरले. ती वाचत त्याने भूमिका केली. ३० डिसेंबर १९७२ रोजी नवे पर्व सुरू झाले ते त्याच्यासह. फलक आहेत हे ठाऊक असूनही मी ते पाहतो तेव्हा मला त्याची नजर धाकट्या दोघांना रागे भरणाऱ्या आजोबांचीच वाटते. हे त्याचे अखेरचे काम. २३ एप्रिल १९७५ रोजी केंट परगण्यात झोपेतच त्याचा अंत झाला. वय सदुसष्ट.

बी. बी. सी.ने त्या काळच्या पुष्कळ फिती पुसून टाकल्या. ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग त्यांतच गेला. चेहरा बदलण्याचे काही क्षण तेवढे उरले, तेही मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमात १९७३ साली तो तुकडा दाखवला होता म्हणून. चित्र धूसर आहे, कडा थरथरतात. डोळे मिटलेला म्हातारा, मग उजेड, मग दुसराच कुणी. रात्री वसतिगृहातले दिवे गेल्यावर मी मोबाईलवर तो तुकडा लावतो, संपला की पुन्हा लावतो.