विश्लेषण : मोबाइलमधली उधारी एकाची दुसऱ्याच्या नावावर कशी जाते? डेटाबेसचे नियम घालून देणारे एडगर कॉड कोण होते?

रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात बाहेरगावचे अनेक कामगार भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. पगार होईपर्यंत किराणा उधारीवर चालतो. समजा, इथल्या एखाद्या दुकानदाराने उधारीची वही बंद करून मोबाइलवरचे अ‍ॅप घेतले. नेटवर्क नसतानाही त्यात नोंद होते, कारण अशी अ‍ॅप्स नोंदी फोनमधल्याच एका फाइलमध्ये ठेवतात. ती फाइल सांभाळण्याचे काम बहुतेक वेळा एसक्यूलाइट हा अ‍ॅपच्या आतच बसवलेला छोटा डेटाबेस करतो. नोंदी टेबलात ठेवायच्या आणि टेबले एकमेकांना क्रमांकाने जोडायची, ही त्यामागची कल्पना मात्र एडगर फ्रँक कॉड यांची. ती मान्य करून घ्यायला त्यांना स्वतःच्याच कंपनीशी झगडावे लागले.

वैमानिक, गणिती आणि हट्टी

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेटच्या पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. आई शिक्षिका, वडिलांचा चामड्याचा व्यवसाय. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकलेल्या कॉड यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमाने उडवली. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये प्रोग्रॅमिंग करू लागले.

१९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या नावाखाली चालवलेल्या चौकश्यांचा त्यांना संताप आला होता. काही वर्षे कॅनडात काढून १९५७ मध्ये ते परतले. पटले नाही तर गप्प बसायचे नाही, हा स्वभाव पुढेही दिसतो. चाळिशीत त्यांनी मिशिगन विद्यापीठात पीएचडी केली (१९६५) आणि १९६७ मध्ये ते कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आले.

आधी अडचण काय होती?

त्या काळी मोठ्या कंपन्यांचा डेटा झाडाच्या फांद्यांसारखा रचलेला असे. आयबीएमचे आयएमएस हे उत्पादन याच पद्धतीचे. अपोलो चांद्रमोहिमेसाठी लागणाऱ्या सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या कामातून ते उभे राहिले होते. माहिती हवी असेल तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जायचे, ही वाट प्रोग्रॅमरला पाठ असावी लागे. रचना बदलली की प्रोग्रॅम मोडे.

उधारीची वही तारखेप्रमाणे लिहिलेली असते, तेव्हा एका गिऱ्हाइकाची एकूण बाकी काढायला सगळी पाने उलटावी लागतात. वही नावाप्रमाणे लावली, तर आजची एकूण उधारी काढणे अवघड. मांडणी ठरली की कोणता प्रश्न सोपा आणि कोणता अवघड, हेही ठरून जाते. कॉड यांना नेमके हेच मोडायचे होते.

१९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एका जाहीर शोधनिबंधात त्यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. सगळा डेटा साध्या टेबलांत ठेवायचा. गिऱ्हाइकांचे एक टेबल, उधारीचे दुसरे. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र क्रमांक, म्हणजे प्रायमरी की. उधारीच्या प्रत्येक ओळीत तोच क्रमांक, म्हणजे फॉरेन की. एकाच नावाचे दोन कामगार असले तरी घोळ नाही. काय हवे ते माणसाने सांगायचे, ते कसे शोधायचे हे संगणकाने ठरवायचे. त्याला आधार होता गणितातल्या संचांचा आणि तर्कशास्त्राचा.

आयबीएमने ते का उचलले नाही?

आयएमएसमधून आयबीएमला चांगली कमाई होत होती. नवे मॉडेल म्हणजे आपल्याच दुकानासमोर दुसरे दुकान. शिवाय संगणक स्वतः वाट शोधेल आणि तीही पुरेशा वेगाने, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १९७४ मध्ये जुन्या पद्धतीचे दिग्गज चार्ल्स बॅकमन आणि कॉड यांची जाहीर चर्चा झाली; या क्षेत्रात ती आजही आठवली जाते.

अखेर सॅन होजेत सिस्टिम आर हा प्रयोग सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा तयार केली, तीच पुढे एसक्यूएल झाली. पण १९७९ मध्ये एसक्यूएल डेटाबेस बाजारात आणला तो आजच्या ओरॅकल कंपनीने. आयबीएमचे पहिले असे उत्पादन १९८१ मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

गंमत म्हणजे, कॉड यांना एसक्यूएल फारशी रुचली नाही. तीत एकाच टेबलात हुबेहूब सारख्या दोन ओळी चालतात, हे त्यांच्या दृष्टीने मॉडेलच्या मुळावरच येणारे होते. १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली. जुन्याच मालावर रिलेशनल असे लेबल लावून विकणाऱ्या कंपन्यांना चाप बसावा म्हणून १९८५ मध्ये त्यांनी बारा नियम प्रसिद्ध केले. त्यांची मोजणी शून्यापासून असल्याने ते प्रत्यक्षात तेरा भरतात! १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग फोनमध्ये गडबड कुठे होते?

एसक्यूलाइट २००० मध्ये रिचर्ड हिप यांनी लिहिले. ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरील एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की प्रोग्रॅमही अडे. म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. डेटाबेस म्हणजे एक फाइल, बस. पण यात कॉड यांचे काही दंडक मुद्दाम सैल आहेत आणि नवखे डेव्हलपर तिथेच फसतात.

फॉरेन कीची तपासणी यात मुळात बंद असते. डेटाबेसशी प्रत्येक नवी जोडणी करताना ती आज्ञा देऊन चालू करावी लागते. समजा, दुकानदाराने गावी गेलेल्या गिऱ्हाइकाचे नाव यादीतून काढले. तपासणी बंद असेल, तर त्याची १,८५० रुपयांची उधारी दुसऱ्या टेबलात तशीच राहते. तो यादीतला शेवटचा क्रमांक असेल आणि ऑटोइन्क्रिमेंट लावलेले नसेल, तर पुढच्या नव्या गिऱ्हाइकाला तोच क्रमांक मिळू शकतो. परवाच खोली घेतलेल्या मुलाच्या नावावर मग भलत्याचीच बाकी दिसते. अ‍ॅप कुठलीही चूक दाखवत नाही, त्यामुळे दुकानदारही खरा आणि मुलगाही खरा. फॉरेन की चेक ही आज्ञा चालवली की अशा बेवारस ओळी सापडतात. मात्र क्रमांक पुन्हा वापरला जाण्याआधी. नंतर त्या बेवारस राहतच नाहीत.

डेटाबेस लॉक झाल्याची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, ती त्यामानाने सोपी. एका वेळी एकालाच लिहिता येते. लिहिण्याचे काम थोडक्यात संपवणे, थांबण्याचा वेळ ठरवून देणे आणि वॉल मोड चालू करणे, एवढ्याने बहुतेकदा भागते. वॉल मोडमध्ये ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. अ‍ॅप चालू असताना फक्त मुख्य फाइल कॉपी करून बॅकअप घेतला, तर त्यात आजची उधारी नसण्याची शक्यता असते. त्यासाठी एसक्यूलाइटचीच बॅकअप सोय वापरावी.

प्रायमरी की रिकामी नसावी, हा कॉड यांच्या मॉडेलचा पाया. एसक्यूलाइटमध्ये जुन्या चुकीमुळे काही प्रकारच्या टेबलांत ती रिकामी चालते. आधीची अ‍ॅप्स बिघडू नयेत म्हणून ही चूक दुरुस्तच केली गेली नाही. रकमेच्या रकान्यात अक्षरे टाकली तरी ती बिनतक्रार साठवली जातात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या स्ट्रिक्ट टेबलांत या दोन्ही गोष्टींना मज्जाव आहे, पण टेबल तयार करतानाच स्ट्रिक्ट हा शब्द लिहावा लागतो.