होमी भाभा आणि ‘अप्सरा’

उरण तालुक्यातील घारापुरी बेटावरून पाण्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी डॉ. होमी भाभा यांनी भारताची पहिली अणुभट्टी उभारली.

भाभांचा जन्म १९०९ साली मुंबईत झाला. १९३९ साली ते केंब्रिजहून सुट्टीवर आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परत जाता येईना. मग ते बंगळूरला संशोधन करू लागले.

१९५५ साली भट्टी बांधायचे ठरले. असे काम येथे पूर्वी कोणीच केले नव्हते! इंधन ब्रिटनने दिले. नियंत्रणाची यंत्रे मात्र आपल्या तरुणांनी स्वतः बनवली. इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवले. तेच पाणी भट्टी थंड ठेवी आणि घातक किरणे अडवी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ही ‘अप्सरा’ सुरू झाली.

१९६६ साली भाभा विमान अपघातात मरण पावले. अप्सरा २००९ पर्यंत चालली.