अवारायरचा सेनापती : वर्दान मामिकोनियन

राजा गेला, राजधानी गेली, तरीही एखादा समाज कशाच्या बळावर टिकून राहतो? इतिहासाच्या वाचकाला हा प्रश्न पुनःपुन्हा पडतो. पाचव्या शतकातील आर्मेनियाचा सरसेनापती वर्दान मामिकोनियन याच्या जीवनात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

आर्मेनिया हा काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ देश. त्याच्या पश्चिमेस रोमन साम्राज्य होते, तर पूर्वेस इराणचे सासानी साम्राज्य. इ. स. ३८७ च्या सुमारास या दोन सत्तांनी तो आपसांत वाटून घेतला आणि त्यातील मोठा हिस्सा इराणकडे गेला. ४२८ मध्ये तेथील राजपदही संपुष्टात आले. राजाच्या जागी मर्झबान, म्हणजे सरहद्दीचा सुभेदार, कारभार पाहू लागला. मुंबईच्या पारशी समाजातील नावाआडनावांतून हा शब्द आपल्या ओळखीचा आहेच.

वर्दानच्या घराण्याकडे आर्मेनियाचे सरसेनापतिपद वंशपरंपरेने चालत आले होते. त्याच्या आईचे वडील साहाक हे आर्मेनियन धर्मपीठाचे प्रमुख होते. त्यांच्याच आश्रयाने मेस्रोप माश्तोत्स या विद्वानाने ४०५ च्या सुमारास छत्तीस अक्षरांची स्वतंत्र आर्मेनियन लिपी सिद्ध केली. बायबल स्वभाषेत आले आणि ग्रंथरचनेस प्रारंभ झाला. अशा रीतीने पित्याकडून तलवार आणि मातामहाकडून अक्षर, असा दुहेरी वारसा वर्दानला लाभला.

वर्दान हा जन्मजात बंडखोर मुळीच नव्हता. आर्मेनियन सरदार आपले घोडदळ घेऊन इराणी सम्राटाच्या चाकरीत दूर पूर्व सरहद्दीवर लढत असत. परंतु सम्राट दुसरा यझ्देगर्द याच्या राजवटीत करांचा बोजा वाढला, धर्मपीठही त्यातून सुटले नाही आणि ४४९ मध्ये प्रधान मिहर-नरसेह याच्यामार्फत धर्मांतराचे फर्मान निघाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. झरथुष्ट्राचा धर्म प्राचीन आणि उदात्त आहे. आर्मेनियनांचे भांडण त्या धर्माशी नव्हते, राजसत्तेच्या सक्तीशी होते. आर्ताशात येथे जमलेल्या सरदारांनी व धर्मगुरूंनी उत्तर धाडले, त्याचा आशय एवढाच होता की, राजनिष्ठा आम्ही पाळू, श्रद्धा मात्र सोडणार नाही.

तेव्हा प्रमुख सरदारांना राजदरबारी बोलावून घेण्यात आले. समोर कैद आणि मरण होते. मागे कुटुंबे आणि देश होता. अखेर त्यांनी वरकरणी मान तुकवली. बऱ्याच आग्रहानंतर वर्दाननेही तेच केले. मायदेशी परतताना या मंडळींबरोबर अग्निमंदिरे उभारण्यासाठी इराणी पुरोहित धाडण्यात आले होते. वरकरणी का होईना, आपण धर्म सोडला, हा सल वर्दानला सोसवेना. तो आप्तांसह देश सोडून रोमन मुलखाकडे निघाला. परंतु इतर सरदारांनी विनवण्या करून त्याला परत आणले. ४५० मध्ये उठाव झाला आणि त्याचे नेतृत्व त्याच्याकडे आले.

आरंभी यश आले. वर्दानने कॉकेशसमधील अल्बानिया प्रांतात इराणी फौजेचा पराभव केला. परंतु इकडे मर्झबान वासाक स्यूनी हा आर्मेनियन सरदार सम्राटाच्या बाजूस गेला. कॉन्स्टँटिनोपलकडे मदतीची याचना केली होती. पण सम्राट दुसरा थिओडोसियस ४५० मध्ये मरण पावला आणि त्याच्या मागून आलेल्या मार्सियनने मदत नाकारली. परंपरेनुसार २६ मे ४५१ रोजी, आजच्या वायव्य इराणमधील अवारायरच्या मैदानात, वर्दान आपल्याहून कितीतरी मोठ्या आणि हत्तींनिशी आलेल्या सेनेला सामोरा गेला आणि धारातीर्थी पडला. या उठावात १०३६ आर्मेनियन कामी आले, असे इतिहासकार येघिशे सांगतो. वासाकलाही त्याच्या करणीचे फळ लाभले नाही. सम्राटाची मर्जी उतरली आणि तो कैदेत मेला.

लढाई हरली; पण विजयाची किंमत इराणलाही जड गेली आणि धर्मांतराची सक्ती सैल करावी लागली. पुढे ४८१ मध्ये वर्दानचा पुतण्या वाहान याने पुन्हा शस्त्र उचलले. ४८४ मध्ये सम्राट पेरोझ हेफ्थलाइट हूणांशी लढताना मारला गेला आणि त्याच वर्षी न्वार्साक येथे तह होऊन आर्मेनियनांना धर्मस्वातंत्र्य मिळाले. पुढच्याच वर्षी वाहान स्वतः मर्झबान झाला. अवारायरचे दान पदरात पडावयास तेहतीस वर्षे लागली. येघिशे आणि गाझार पार्पेत्सी यांनी ही कथा लिहून ठेवली ती त्याच नव्या लिपीत. आजही आर्मेनियन धर्मपीठ मोठ्या उपवासपर्वापूर्वीच्या गुरुवारी वर्दान आणि त्याच्या साथीदारांचे स्मरण करते.

पुढील शतकांत आर्मेनियन व्यापारी देशोदेशी पांगले, आपल्या देशातही आले. कोलकात्यात त्यांचे १७२४ सालचे चर्च उभे आहे. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले ते १७९४ मध्ये, मद्रासमध्ये! मायभूमीपासून हजारो मैलांवर मूठभर माणसांनी त्या छत्तीस अक्षरांचे खिळे जुळवले. वर्दानने तलवारीने जे राखले, ते त्यांनी अक्षराने राखले. सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या मंडळात, संध्याकाळी मुलांना मराठी मुळाक्षरे गिरवायला बसवताना, या दूरच्या सेनापतीची आठवण ठेवण्यासारखी आहे.