दृष्टी गेल्यावर उलगडलेली संख्या

२,१४,७४,८३,६४७ ही संख्या संगणकक्षेत्रातील अनेकांच्या परिचयाची आहे. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची ती कमाल मर्यादा. जानेवारी २०३८ मध्ये जुन्या प्रणालींची घड्याळे अडखळणार आहेत तीही याच आकड्यावर. परंतु तिची थोरवी संगणकाहून दोन शतके जुनी आहे आणि ती लेओनार्ड ऑयलर यांच्या उतारवयाशी निगडित आहे.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी वडिलांची इच्छा होती. योहान बर्नूली यांनी त्यांचे मन वळवले. विसाव्या वर्षी ऑयलर सेंट पीटर्सबर्गला गेले, १७४१ मध्ये बर्लिनला आणि १७६६ मध्ये पुन्हा रशियाला. मायदेशी ते कधीच परतले नाहीत. उजव्या डोळ्याची दृष्टी तिशीतच गेली होती. १७७१ मध्ये घराला आग लागली, तेव्हा बाझेलच्याच एका कारागिराने त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. त्याच वर्षी डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. थोडे दिवस दिसले, मग जंतुसंसर्गाने तेही संपले.

पुढच्याच वर्षी, १७७२ मध्ये, त्यांनी ही संख्या अविभाज्य असल्याचे कळवले. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. ती अविभाज्य असल्याचे मेर्सेन यांनी १६४४ मध्येच म्हटले होते. पण त्यांच्या यादीत चुकाही होत्या, आणि सिद्धता नव्हतीच. सरधोपट मार्गाने ४६,३४० पर्यंतच्या ४,७९२ अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलर यांनी दाखवले की, हिचा अविभाज्य भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा अविभाज्य संख्या अवघ्या ८४. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही. कागद न दिसणाऱ्या माणसाला ही काटछाट किती मोलाची वाटली असेल!

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःखेरीज तिच्या सर्व भाजकांची बेरीज तिच्याइतकीच. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच घडणीची असते, हेही ऑयलर यांनीच सिद्ध केले.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेविषयी चर्चा केल्यावर काही वेळातच ते कोसळले. याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधण्याच्या फंदात पडणार नाही, असे १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी लिहिले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी एकोणचाळीस अंकी मेर्सेन संख्या अविभाज्य ठरवली आणि तो अंदाज खोटा पाडला.