पिटातल्या प्रेक्षकांचा राजा – मास्टर भगवान

शनिवारची रात्र आली की आमच्या खोलीवर चित्रपटांची मैफल भरते. आम्ही पाचजण. त्यांतले दोघे चाकणच्या कारखान्यांतून पाळी करून येतात आणि उरलेल्या वेळात बी. ए. करतात. विषय बहुधा एकच असतो : हाँगकाँगचे जुने कुंग फू चित्रपट. एकाच्या मते १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'पुढे सारे फिके. दुसरा म्हणतो, १९७८ च्या 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये नायक एकेक दालन पार करीत जी तपश्चर्या करतो, ती हाणामारीपेक्षा मोठी आहे. तिसऱ्याला त्याच वर्षीचा जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' प्रिय, कारण मार खातानाही हसवणारा नायक त्याला आपला वाटतो. कारखान्यातल्या मित्रांचे मत ठाम आहे. १९७१ च्या 'बिग बॉस'मध्ये ब्रूस ली बर्फाच्या कारखान्यातला साधा कामगार असतो, म्हणून त्याचा प्रत्येक ठोसा त्यांना स्वतःचाच वाटतो.

एकदा सुट्टीत हा वाद आमच्या घराच्या ओसरीवर रंगला. माझे आजोबा बाजेवर पडून ऐकत होते. ऐन तारुण्यात ते मुंबईला डबे पोचवीत. आपल्या खेड तालुक्यातून, तसेच मावळ, आंबेगाव, जुन्नरमधून पिढ्यान् पिढ्या माणसे या धंद्यासाठी मुंबईला जात आली, हे वाचकांना सांगायला नको. आजोबांनी आमची सगळी मते शांतपणे ऐकून घेतली आणि एकच नाव उच्चारले : मास्टर भगवान. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आम्हाला भगवानदादा ठाऊक होते ते गाण्यात डुलत नाचणारे, गुबगुबीत अंगाचे विनोदी नट म्हणून. मारामारीच्या गोष्टीत त्यांचे काय काम? त्या अज्ञानाची लाज वाटली, आणि त्यातूनच हा लेख जन्मला.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीला झाला. वडील कापड गिरणीत कामाला होते. मुंबईत गिरणगावच्या आसपास वाढलेल्या मुलाला जे मिळायचे ते सारे त्यांना मिळाले : चाळ, भोंगा, व्यायामशाळा आणि शाळेपेक्षा चित्रपटगृहाची अधिक ओढ. त्यांनी काही काळ अंगमेहनतीची कामेही केली. पण मन रमले होते ते पडद्यावर. अमेरिकन मूकपटांतला उड्या मारणारा, तलवार चालवणारा डग्लस फेअरबँक्स हे त्यांचे दैवत होते. पुढे खुद्द भगवानांची तुलना याच नटाशी झाली.

मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत त्यांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. त्यांचे पहिले चित्रपट १९३१ च्या सुमाराचे. हे साल आपल्या गावाच्या काळजावर कोरलेले आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि त्यानंतर नवव्याच दिवशी, २३ मार्चला, आपल्या गावच्या शिवराम हरी राजगुरूंनी भगतसिंग व सुखदेव यांच्यासह लाहोरच्या तुरुंगात फाशी स्वीकारली. त्या 'आलम आरा'चा नायक मास्टर विठ्ठल हाही मारामारीच्या चित्रपटांतूनच वर आलेला मराठी गडी. म्हणजे पडदा बोलू लागला, त्याआधीच तो लढू लागला होता.

बोलपट आल्यावर प्रतिष्ठित कंपन्या सामाजिक आणि पौराणिक चित्रपटांकडे वळल्या. शिकलेल्या घरांतली माणसे तेच पाहू लागली. पण गिरणीतून दमून येणारा, अक्षरओळख नसलेला, दोन-चार आणे मोजून पडद्यापाशी बसणारा प्रेक्षक वेगळे काही मागत होता. १९३५ मध्ये वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'ने नादियाला घराघरांत नेले आणि या मागणीला भाव आहे हे धंद्याला कळले. भगवानांना ते वेगळ्या वाटेने ठाऊक होते, कारण ते त्याच प्रेक्षकांत बसून मोठे झाले होते.

१९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ पर्यंत त्यांनी एकामागून एक मारधाडीचे चित्रपट काढले. खर्च अगदी बेताचा. ६५ हजार रुपयांत त्यांनी चित्रपट पुरा केल्याचे सांगतात. कथा, दिग्दर्शन, नायकाची भूमिका यांबरोबर नटांचे कपडे आणि दुपारचे जेवण यांची सोयही तेच पाहत. उंचावरून उडी मारायची असो की चार गड्यांशी झुंज घ्यायची असो, बदली माणूस उभा करणे त्यांना पसंत नव्हते. पडद्यावरचा त्यांचा नायकही राजबिंडा नसे. साधा, भोळा, जगाने मूर्ख ठरवलेला असा हा माणूस आरंभी टपल्या खातो आणि शेवटी त्याच साधेपणाने दुष्टांना लोळवतो. 'ड्रंकन मास्टर'वर लुब्ध असलेल्या आमच्या मित्राने हे ऐकले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

याच काळात त्यांनी मद्रासकडे जाऊन तमिळ चित्रपटही केले. १९४१ चा 'वनमोहिनी' हा त्यांतला गाजलेला. त्याला संगीत दिले होते नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या एका तरुणाने. तो म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. संगीतकाराच्या खुर्चीवर या तरुणाला प्रथम बसवणाऱ्यांत भगवान होते. ही मैत्री दोघांनाही आयुष्यभर पुरली.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की हे एका भाग्यवंताचे चरित्र आहे. पण १९४२ सालचा एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानांना नायिकेच्या थोबाडीत मारायची होती. नायिका होत्या येवल्याच्या ललिता पवार. त्या काळी त्या नायिका म्हणून नावारूपाला आलेल्या होत्या, आणि १९३४ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'पासून दोघांची ओळख होती. हात उचलला गेला आणि नको तेवढ्या जोराने बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डाव्या डोळ्यातला दोष मात्र कायम राहिला आणि नायिकेची कारकीर्द संपली.

आम्हा मारामारीच्या चाहत्यांनी या प्रसंगापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. स्वतःच्या हाडांची पर्वा न करणारा नट आपल्याला शूर वाटतो, आणि तो शूर असतोही. पण खऱ्या ठोशाचा आग्रह धरला, की कधी तरी तो ठोसा समोरच्यालाही खराच लागतो. त्याची किंमत इथे एका स्त्रीने मोजली. ललिताबाई खचल्या नाहीत. त्याच अधू डोळ्याला त्यांनी आपले शस्त्र बनवले, खाष्ट सासूच्या भूमिकांत दरारा निर्माण केला, १९५९ च्या 'अनाडी'त मायाळू घरमालकीण साकारली आणि १९८७ च्या 'रामायण' मालिकेतली मंथरा घराघरांत पोचवली. ते मोठेपण त्यांचे स्वतःचे. भगवानांच्या हातून घडलेली चूक त्यामुळे पुसली जात नाही. चरित्र लिहिताना दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

त्याच १९४२ मध्ये भगवानांनी 'जागृती पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली. १९४७ मध्ये चेंबूरला 'जागृती स्टुडिओ' उभा राहिला. १९४९ च्या 'भेदी बंगला' या रहस्यपटाने त्यांचे नाव पिटाबाहेरही गेले. याच सुमारास राज कपूर यांनी त्यांना सामाजिक चित्रपट करून पाहण्याचा सल्ला दिला. त्यातून १९५१ चा 'अलबेला' आला.

'अलबेला'चा नायक प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकाच्या वेडापायी घराबाहेर पडलेला तरुण. तो नाव आणि पैसा मिळवतो, पण परततो तेव्हा आई उरलेली नसते. गिरणी कामगाराच्या या मुलाला ती भूमिका रंगवायला फार लांब जावे लागले नसेल. नायिका होत्या गीता बाली. बुटक्या, स्थूल, मारधाडीच्या नटाबरोबर नामवंत नायिकेने उभे राहणे हेच धाडस होते. सी. रामचंद्रांनी परदेशी वाद्यमेळ मराठमोळ्या ठेक्यात असा मिसळला की चित्रपटगृहात लोक बाकांवरून उठून नाचू लागले. आणि भगवानांचा तो नाच! उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. खांदे हलके सोडून, गुडघे किंचित वाकवून, जागच्या जागी डुलत टाकलेली पावले. ज्याला नाचता येत नाही त्यालाही येईल असा तो नाच होता. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटाने त्या पावलांचा वारसा उघडपणे चालवला. मला मात्र त्यात आखाड्यातला गडी दिसतो. प्रतिस्पर्ध्याला जोखत पवित्र्यात डुलणारा मल्ल आणि हा नाच यांत अंतर फारसे नाही.

मग वैभव आले. जुहूला समुद्रकाठी २५ खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात मोटारी, असे वर्णन आजही ऐकायला मिळते. पण १९५३ च्या 'झमेला'ला 'अलबेला'ची जादू साधली नाही. १९५६ चा 'भागम भाग' झाला, पण तसे यश पुन्हा हाती लागले नाही. 'हँसते रहना' नावाच्या चित्रपटात गुंतवलेला पैसा बुडाला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळेल ती लहानसहान भूमिका करून संसार चालवू लागले. ज्यांनी त्यांच्या पंगतीला ताटे वाजवली होती, त्यांतले बहुतेक पांगले. सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण हे मोजके मित्र चाळीचे जिने चढून येत राहिले.

याहून मोठा घाव वेगळाच होता. गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या जुन्या मारधाडपटांच्या प्रती जळून गेल्या. दहा-अकरा वर्षांची सारी मेहनत, त्या उड्या, त्या झुंजी, तो भोळा नायक, सगळे धुरात गेले. 'अलबेला' वाचला म्हणून आम्हाला नाचणारे भगवान ठाऊक आहेत. लढणारे भगवान ठाऊक नाहीत, याचे कारण हे.

इथे आमच्या शनिवारच्या वादाला एक नवीच बाजू येते. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगला वारला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. पण त्याचे चित्रपट शिल्लक आहेत. खिशातल्या फोनवर आम्ही त्याचा एकेक ठोसा थांबवून, मागे नेऊन पाहतो आणि मग मत देतो. भगवानांच्या बाबतीत ती सोय नाही. त्यांच्या झुंजींचा पुरावा उरला आहे तो फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणींत. म्हणजे जत्रेतल्या तंबूत मांडी घालून बसलेल्या, गिरणगावच्या थिएटरात शिट्ट्या मारणाऱ्या माणसांची मते हाच त्या चित्रपटांचा आता एकमेव दस्तऐवज. ती माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. त्यांनी कधी परीक्षणे लिहिली नाहीत, त्यांची मते कोणी विचारली नाहीत. आपल्या तालुक्यातल्या ओसऱ्यांवर अशी किती मते न नोंदवताच विझून गेली असतील!

भगवानदादांना मात्र या प्रेक्षकांनी शेवटपर्यंत अंतर दिले नाही. दादरच्या त्यांच्या चाळीवरून गणपतीची मिरवणूक जाऊ लागली, की ती दारापाशी थांबे. बँडवाले 'अलबेला'तली चाल धरीत. म्हातारे भगवानदादा खाली उतरून तीच पावले टाकीत आणि मगच गणपती पुढे जाई. सात मोटारी गेल्या, पण हा मान चाळीतही त्यांच्याकडे चालत येत राहिला. ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दादरच्या घरीच त्यांचे निधन झाले. वय ८८ वर्षांचे होते. पुढे २०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटाने त्यांची कथा पडद्यावर आणली. मंगेश देसाई यांनी भगवानदादा साकारले आणि विद्या बालन यांनी गीता बाली.

आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये अशीच इच्छा आहे. फरक एवढाच पडला आहे, की आता शनिवारच्या मैफलीत एक मत अधिक मोजले जाते. ते आजोबांचे. त्यांनी तंबूत काय काय पाहिले, कोणत्या उडीला टाळ्या पडल्या, खलनायक कसा आपटला, हे मी एका वहीत उतरवून घेऊ लागलो आहे. वयोमानाने एका चित्रपटातली झुंज ते दुसऱ्यात नेऊन ठेवतात, नावे विसरतात. पण ठोसा कसा बसला ते सांगताना बाजेवर उठून बसतात आणि त्यांची मूठ आपोआप वळते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी ही वही आजच घालावी, एवढीच विनंती.