डॉ. आघारकर आणि गोड्या पाण्यातला जेलीफिश

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सजीवांच्या रचनेच्या पातळ्या शिकवतो, तेव्हा मुले त्या पाढ्यासारख्या म्हणून दाखवतात : पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, सजीव, जीवसंख्या, समुदाय, परिसंस्था, जीवावरण. पाठांतर चोख. मग मी विचारतो, ऊतींपर्यंत येऊन थांबलेला, खरे अवयवच नसलेला प्राणी असतो काय? वर्ग गप्प. अशा वेळी मी डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांची गोष्ट काढतो.

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वेगळे. या घोटाळ्याला पुण्याचाही हातभार आहे, कारण आघारकरांच्या नावाची संशोधन संस्था नेमकी आगरकर रस्त्यावर आहे!

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. समुद्रकाठच्या माणसाला जेलीफिशचे काय कौतुक? पण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीत त्यांची भटकंती चाले, आणि १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यातील वाहत्या पाण्यात त्यांना जेलीफिश दिसला. समुद्रापासून इतक्या दूर, गोड्या पाण्यात! नाण्याएवढी काचेसारखी छत्री, कडेला बारीक तंतूंची झालर. तिथल्या गुराख्यांनी ती आधी पाहिली नसेल असे मला वाटत नाही. पण हा प्राणी इथे आला कसा, हा प्रश्न आघारकरांना पडला, आणि त्यांनी नमुने जपून ठेवले. भरतीबरोबर आला म्हणावे, तर कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि समुद्राचे पाणी घाटापर्यंत चढून येत नाही. एक तर्क तिथेच बाद झाला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी नमुने तपासून त्या जातीला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. तिचे भाऊबंद तोवर माहीत होते ते आफ्रिकेत, टांगानिका सरोवरात. कोडे सुटण्याऐवजी वाढलेच.

या प्राण्याच्या शरीरात पेशींचे दोन थर आणि मध्ये जेलीसारखा पदार्थ. तोंड एकच, घास घ्यायलाही तेच आणि उष्टे टाकायलाही तेच. हृदय नाही, रक्त नाही, मेंदू नाही. चेतापेशींचे एक विरळ जाळे तेवढे आहे. माझ्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. पाढ्यातल्या तिसऱ्या शब्दापर्यंत न पोचताही हा जीव व्यवस्थित जगतो.

आघारकर मात्र एका प्राण्यावर थांबले नाहीत. १९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवड झाल्यावर ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले, आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. उमेदीची वर्षे अशी कुंपणाआड गेली. तरीही १९१९ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलीच. विषय होता वायव्य भारतातील रुक्ष व खारवट जमिनीवरच्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मूळच्या कोठल्या. मला यात जेलीफिशचाच जुना प्रश्न दिसतो : हा इथे आला कसा? पेशी-ऊतींपासून निघालेला माणूस देशोदेशींच्या भूगोलापर्यंत गेला.

पुढे १९२० ते १९४६ कलकत्त्याला अध्यापन. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून त्यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीला हात घातला. २ सप्टेंबर १९६० रोजी ते वारले. १९९२ मध्ये त्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आमच्या मादन हिप्परग्याच्या शिवारातले पाणी शेवटी भीमेला मिळते. गाणगापूरचा अमरजा-भीमा संगम इथे कोणाला ठाऊक नाही? भीमा पुढे कृष्णेत जाते. म्हणजे आघारकरांनी न्याहाळलेले पाणी आणि आमचे पाणी एकाच नदीत पोचते. गेल्या उन्हाळ्यात चार विद्यार्थी आणि काही बरण्या घेऊन मी अमरजेच्या डोहांवर गेलो. जेलीफिश मिळाला नाही. डासांच्या अळ्या पुष्कळ. पण परतल्यावर एका मुलीला बरणीतल्या पाणवनस्पतीच्या पानाखाली बारीक दोऱ्यासारखा हायड्रा चिकटलेला दिसला. हा जेलीफिशच्याच घराण्यातला. तिने टाचणीचे टोक लावताच तो आखडून ठिपक्याएवढा झाला. मी चेतापेशींच्या जाळ्याची आठवण दिली. तिने ते वहीत लिहिले आणि विचारले, की एका तंतूच्या टोकाला हलकेच स्पर्श केला, तर आधी तो तंतू आखडेल की सगळे अंग एकदम? मी टाचणी तिच्याकडेच परत दिली.